स्तनाचा कर्करोग आणि त्याचा माग काढणारी द्रव्ये



घरातील एखाद्या बाईच्या स्तनातील गाठ कर्करोगाची आहे असे डॉक्टरांनी सांगितले, की पहिला धक्का ओसरल्यावर घरची माणसे जो प्रश्न विचारतात तो बहुधा ठरलेला असतो : "कितवी स्टेज आहे?" हा प्रश्न भाबडा नाही. रोगाचे नाव कळल्याने त्याची जात कळते. परंतु त्याचा पसारा किती झाला आहे हे कळल्याखेरीज उपचारांची दिशा ठरत नाही. गाठ स्तनापुरती, फार तर काखेतील लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचलेली असेल, तर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांच्या बळावर रोग समूळ घालविण्याचा प्रयत्न करावयाचा असतो. तोच रोग हाडांत, फुप्फुसांत किंवा यकृतात जाऊन बसला असेल, तर ती चौथी पायरी झाली, आणि तेथे उपचारांचा उद्देशच बदलतो. रोग ताब्यात ठेवणे, आयुष्य लांबविणे आणि ते शक्य तितके सुखाचे करणे हे मग वैद्याचे काम होते.

तेव्हा पायरी ठरविण्यात चूक झाली तर ती दोन्ही बाजूंनी महाग पडते. दूरवर पसरलेला रोग दिसलाच नाही, तर बाईला मोठी शस्त्रक्रिया सोसावी लागते आणि तिचा हेतू मात्र साधत नाही. उलट, जे कर्करोगाचे नव्हे त्याला कर्करोग समजले गेले, तर बरी होऊ शकली असती अशी बाई चौथ्या पायरीवर ढकलली जाते आणि बरे होण्याची संधीच तिच्यापासून हिरावली जाते. म्हणूनच शरीरात लपलेला रोग शोधण्याची जी साधने आज हाताशी आहेत, ती नेमके काय पाहतात आणि काय पाहू शकत नाहीत, हे सामान्य माणसालाही थोडेबहुत ठाऊक असावयास हवे. संप्रेरकांवर पोसणाऱ्या स्तनकर्करोगाच्या बाबतीत तर ते फारच अगत्याचे आहे, कारण तेथे दोन निरनिराळ्या साधनांत निवड करण्याचा प्रसंग आता येऊ लागला आहे.

माग काढणे म्हणजे काय?

पूर्वी गावात चोरी झाली, की रामोशी किंवा जागल्या पहाटे पावलांचा माग काढीत निघे. मऊ मातीत पाऊल उमटले असेल तर तो चोरामागे कोसच्या कोस जाई. पण माग खडकावर चढला की तो थांबे. खडकावर पाऊल उमटत नाही, म्हणून चोर तेथून गेलाच नाही, असे मात्र तो कधी म्हणत नसे. हा दृष्टान्त मनात असू द्यावा. आजच्या सर्व विवेचनाचे सार त्यात आहे.

शरीरात असा माग काढण्यासाठी जे द्रव्य टोचतात त्याला ट्रेसर म्हणतात. या कल्पनेचे जनक हंगेरीचे रसायनज्ञ जॉर्ज द हेवेसी. एखाद्या मूलद्रव्याचे किरणोत्सर्गी अणू आणि साधे अणू रसायनदृष्ट्या सारखेच वागतात. म्हणून साध्या अणूंत थोडे किरणोत्सर्गी अणू मिसळले तर ते जेथे जातील तेथून खबर देत राहतील, हे त्यांनी १९१३ साली पानेथ यांच्यासमवेत दाखवून दिले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. मँचेस्टरमध्ये ते जेथे जेवत असत तेथील घरमालकीण आदल्या दिवशीचे उष्टे दुसऱ्या दिवशी नव्या रूपात वाढते, असा त्यांना संशय होता. त्यांनी ताटातील उरलेल्या अन्नात किरणोत्सर्गी द्रव्याचा किंचित अंश टाकला, आणि पुढे पानात आलेल्या नव्या पदार्थाजवळ उपकरण धरताच त्याने साक्ष दिली! गोष्ट विनोदाची असली तरी तत्त्व पक्के आहे. त्याच तत्त्वासाठी हेवेसींना १९४३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज आपण ज्याला पेट स्कॅन म्हणतो, त्यात बहुधा फ्लोरीन-१८ हा किरणोत्सर्गी अणू वापरतात. ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्यावर सायक्लोट्रॉन यंत्रातून प्रोटॉनांचा मारा केला की तो तयार होतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे. म्हणजे दर ११० मिनिटांनी त्यातील निम्मे अणू संपतात आणि ११ तासांनी मूळच्या चौसष्टाव्या हिश्श्याइतकेच उरतात. हा अणू विघटन पावताना एक पॉझिट्रॉन बाहेर टाकतो. पॉझिट्रॉन म्हणजे धन भार असलेला इलेक्ट्रॉन. डिरॅक यांच्या गणिताने तो आधी सुचविला होता आणि अँडरसन यांना तो १९३२ साली प्रत्यक्ष सापडला. तो शेजारच्या एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी दोन गॅमा किरण एकमेकांच्या अगदी उलट दिशांनी सुटतात. रुग्णाभोवतीच्या कड्यातील दोन शोधकांवर ते एकाच क्षणी आदळले, म्हणजे त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर कोठे तरी तो अणू होता हे कळते. अशा लक्षावधी रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे चित्रात उजेड दिसतो. त्यावर सीटी स्कॅनचे चित्र बसविले की उजेड कोणत्या अवयवात आहे तेही समजते.

येथवरची पदार्थविज्ञानाची बाजू सर्व पेट स्कॅनांना सारखीच आहे. फरक पडतो तो या फ्लोरीनला आपण कोणाच्या पाठीवर बसवून शरीरात पाठवितो यामुळे.

साखरेच्या वाटेने

सर्वांत अधिक वापरला जाणारा ट्रेसर म्हणजे फ्लुओरोडीऑक्सिग्लुकोज, थोडक्यात एफडीजी. ग्लुकोजच्या रेणूतील एक हायड्रॉक्सिल गट काढून त्या जागी फ्लोरीन बसविला की तो तयार होतो. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते आणि पचनाची पहिली क्रिया त्यावर करते. परंतु फ्लोरीनमुळे दुसरी क्रिया होत नाही, आणि पहिलीमुळे तो बाहेरही पडू शकत नाही. जात्यात पडला पण दळला गेला नाही, अशी त्या रेणूची अवस्था होते. ज्या पेशी अधिक साखर ओढतात त्यांत तो साचतो. कर्करोगाच्या पुष्कळ पेशी साखर खाण्यात अधाशी असतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखविले होते. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तयार झालेला हा ट्रेसर १९७६ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात प्रथम मनुष्याला टोचण्यात आला. भारतात पेट स्कॅनचा प्रारंभ २००२ साली मुंबईस परळच्या विकिरण औषध केंद्रात झाला. हे केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राचे. त्यानंतर पेट स्कॅन म्हणजे एफडीजी स्कॅन असे समीकरणच लोकांच्या मनात बसले.

हा ट्रेसर गुणाचा खरा. एकाच तपासणीत मानेपासून मांड्यांपर्यंतचे शरीर दिसते. स्तनाची गाठ मोठी असेल किंवा काखेत रोग उघड असेल, तर दूरचा अनपेक्षित पसारा तो अनेकदा उघडकीस आणतो. पण तो विचारतो तो प्रश्न एवढाच : "येथे साखर कोण फार खाते आहे?" कर्करोगाचे नाव त्या प्रश्नात कोठेच नाही. क्षयाची ग्रंथी साखर खाते. भरणारी जखम खाते. संसर्गाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी खातात. मेंदू तर साखरेवरच जगतो, म्हणून तो मुळातच इतका लखलखतो, की त्यातील रोगाचा लहान ठिपका त्या झगझगाटात हरवून जातो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश ज्या देशात आहेत त्या आपल्या देशात छातीच्या मधल्या भागातील ग्रंथी चमकल्या, की त्या कर्करोगाच्या की क्षयाच्या, हा प्रश्न वैद्यांपुढे वारंवार उभा राहतो.

याची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. जो कर्करोग सावकाश वाढतो तो साखरही बेताने खातो. संप्रेरकांवर पोसणारे स्तनकर्करोग सरासरीने याच प्रकारात मोडतात. त्यांतही दुग्धखंडिकांशी नाते सांगणारा, लोब्युलर म्हणून ओळखला जाणारा जो प्रकार आहे, तो एफडीजीला विशेष चकवितो. स्तनकर्करोगांपैकी शेकडा दहा ते पंधरा या जातीचे असतात. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन यात बहुधा नाहीसे झालेले असते. म्हणून त्या पेशी गोळा करून बसत नाहीत. मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागून एक ऊतकांत शिरतात. साखरेची ओढ कमी आणि दाटीही कमी, असे झाल्यावर उजेड तो कसा पडणार? हाच तो खडक. चित्र अंधारे आहे, म्हणजे तेथे रोग नाही असे नव्हे.

कुलूप आणि किल्ली

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. १८९५ साली ग्लासगोचे शल्यवैद्य जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कर्करोग बळावलेल्या एका स्त्रीचे बीजांडकोश काढून टाकले आणि तिचा रोग ओसरल्याचे पुढल्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. त्या वेळी हार्मोन हा शब्दही जन्माला आला नव्हता. तो स्टार्लिंग यांनी १९०५ साली प्रचारात आणला. बीजांडकोशातून निघणारे काही तरी या रोगाला खतपाणी घालते, एवढे बीटसनच्या अनुभवावरून कळले. पण सर्वच स्त्रियांना या शस्त्रक्रियेचा उपयोग होईना. कोणाला होईल आणि कोणाला नाही, हे कोडे साठ वर्षे तसेच राहिले.

ते सोडविण्याचे श्रेय शिकागोच्या एलवूड जेन्सन यांना जाते. इस्ट्राडायॉल हे स्त्रीदेहातील प्रमुख इस्ट्रोजेन. त्याच्या रेणूत जेन्सन यांनी ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, बसविला आणि तो उंदरांना टोचला. गर्भाशयासारख्या अवयवांत तो साठून राहिला. इतर अवयवांतून निघून गेला. शिवाय साठलेल्या इस्ट्राडायॉलमध्ये काही रासायनिक बदलही झालेला नव्हता. तेव्हा त्या पेशींत त्याला धरून ठेवणारे काही तरी असले पाहिजे, हे १९५८ च्या सुमारास स्पष्ट झाले. तेच इस्ट्रोजेनचे ग्राही. संप्रेरक ही किल्ली मानली तर ग्राही हे कुलूप. ज्या कर्करोगाच्या पेशींत हे कुलूप आहे त्या इस्ट्रोजेनच्या हुकमाने वाढतात, आणि त्यांच्यावरच संप्रेरकविरोधी उपचार चालतात. जगभर पाहता स्तनकर्करोगांपैकी शेकडा सत्तरांहून अधिक या जातीचे भरतात. आपल्याकडे हे प्रमाण काहीसे कमी आढळते. टॅमॉक्सिफेन हे औषध कुलपात खोटी किल्ली घालून ते अडवून ठेवते. अ‍ॅरोमटेज रोधक म्हणविणारी औषधे किल्ल्या घडविण्याचा कारखानाच बंद करतात. गाठीचा तुकडा काढून त्यात ही कुलपे आहेत की नाहीत हे पाहणे आता सर्वत्र नित्याचे झाले आहे.

जेन्सन यांचा ट्रिशियम फार दुबळा होता. त्याचे किरण शरीराबाहेर येतच नसत, म्हणून प्राण्याचे अवयव काढूनच मोजणी करावी लागे. जिवंत बाईच्या शरीरातील कुलपे बाहेरून पाहावयाची तर किल्लीवर फ्लोरीन-१८ बसविणे भाग होते. इलिनॉय विद्यापीठाचे जॉन कॅट्झेनेलेनबोगन आणि सेंट लुइसचे मायकेल वेल्च यांनी १९८० नंतरच्या दशकात हे साधले. इस्ट्राडायॉलच्या सोळाव्या कार्बनवर फ्लोरीन बसवून तयार झालेला हा ट्रेसर म्हणजे फ्लुओरोइस्ट्राडायॉल, थोडक्यात एफईएस. सेंट लुइस येथे १३ स्त्रियांवर केलेल्या पाहणीचा निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाला : गाठीत कुलपे जितकी अधिक, तितका तिच्यात या ट्रेसरचा उजेड अधिक. फ्रान्सने २०१६ मध्ये आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. टोचले जाणारे इस्ट्राडायॉल काही मायक्रोग्रॅमच असते. त्याने रोगाला खत मिळेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

एफईएसचा प्रश्न असा : "इस्ट्रोजेनचे उघडे कुलूप येथे आहे काय?" एफडीजीहून हा प्रश्न अगदी निराळा आहे. क्षयाच्या ग्रंथीने तो सहसा फसत नाही. सावकाश वाढणारा रोग साखर खात नसला तरी त्याच्या अंगी कुलपे भरपूर असू शकतात. लोब्युलर कर्करोगात तर ती बहुतेक नेहमीच असतात. म्हणून एफडीजीला न दिसलेली हाडांतील ठिकाणे एफईएसने दाखविली, असे अनुभव लहान लहान अभ्यासांतून पुढे आले आहेत. मेंदूही या ट्रेसरच्या चित्रात अंधारा राहतो, त्यामुळे तेथला ठिपका उठून दिसण्याची शक्यता असते.

दुसऱ्या वाटेवरचे खडक

मग जुने टाकून नवे घ्यावे, असे कोणी म्हणेल. परंतु या वाटेवरही खडक आहेत, आणि ते वेगळ्या जागी आहेत.

पहिला खडक यकृताचा. इस्ट्राडायॉलचा निचरा करण्याचे काम यकृताचे. ते हा ट्रेसर ओढून घेते आणि पित्तावाटे आतड्यांत सोडते. सगळे यकृत झळाळत असताना त्यातील रोगाची गाठ ओळखता येत नाही. यकृत ही तर स्तनकर्करोग पसरण्याची एक नेहमीची जागा. म्हणजे केवळ एफईएसवर विसंबून यकृताला निर्दोष ठरविणे ही घोडचूक होईल. गर्भाशयात कुलपे निसर्गतःच असतात, तेथेही उजेड दिसतो. किरणोपचार झालेल्या फुप्फुसाच्या भागात कधी कधी फसवा उजेड आढळला आहे.

दुसरा खडक औषधांचा. बाई टॅमॉक्सिफेन घेत असेल तर कुलपे खोट्या किल्लीने आधीच अडलेली असतात; ट्रेसरला शिरावयास जागा नाही. फुलव्हेस्ट्रंट हे औषध तर कुलूपच मोडून टाकते. तपासणीपूर्वी टॅमॉक्सिफेन बंद होऊन सुमारे ८ आठवडे आणि फुलव्हेस्ट्रंट बंद होऊन सुमारे २८ आठवडे लोटलेले असावेत, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणून ही तपासणी शक्यतो असे उपचार सुरू होण्यापूर्वीच करावी. तपासणीसाठी चालू औषध आपल्या मनाने बंद करणे मात्र सर्वथा अनुचित होय. अ‍ॅरोमटेज रोधक औषधे कुलपाला हात लावीत नाहीत, त्यांची अडचण येत नाही.

तिसरा खडक रोगाच्या स्वभावाचा. मूळ गाठीत कुलपे होती, म्हणून दूर गेलेल्या प्रत्येक ठिकाणी ती असतीलच असे नाही. काही ठिकाणच्या पेशी कुलपे टाकून देतात. त्या एफईएसला दिसत नाहीत. आणि अशा पेशी पुष्कळदा अधिक उग्र असतात, म्हणजे जे दिसावयास हवे तेच दृष्टीआड राहते. अशा जागी एफडीजी उपयोगी पडतो, कारण उग्र पेशी साखर भरपूर खातात.

दक्षिण कोरियातील सोल येथील वैद्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे फार बोलका आहे. रोग उलटलेल्या किंवा दूर पसरलेल्या ८५ रुग्णांच्या बाबतीत एफईएसचे चित्र आणि त्या जागेच्या तुकड्याची तपासणी यांची त्यांनी तुलना केली. तुकड्यात कुलपे न सापडलेले ३८ रुग्ण होते. त्यांपैकी एकाही जागी एफईएसचा उजेड पडला नव्हता. कुलपे सापडलेले ४७ होते. त्यांपैकी ३६ ठिकाणी उजेड होता, ११ ठिकाणी नव्हता. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. उजेड दिसला तर तेथे कुलपे आहेत यावर भरवसा ठेवता येतो. उजेड दिसला नाही तर मात्र निकाल लागत नाही. तेथे सुई घालून तुकडा तपासल्यावाचून गत्यंतर नाही. अमेरिकेने २०२० साली जी मान्यता दिली तीही याच धोरणाची होती : बायॉप्सीची जोड म्हणून, आणि रोग उलटलेल्या किंवा पसरलेल्या रुग्णांसाठी.

हाडांची साक्ष

तिसरा साक्षीदार जुना आहे, पण त्याला विसरून चालणार नाही. संप्रेरकांवर पोसणारा स्तनकर्करोग दूर गेला, तर त्याचे सर्वांत आवडते घर म्हणजे हाड. हाडांच्या स्कॅनसाठी टेक्नेशियम-९९एम हा ६ तास अर्धायुष्याचा अणू एका फॉस्फोनेट द्रव्याला जोडून टोचतात. तो कर्करोगाला शोधतच नाही. "हाडाची डागडुजी कोठे चालू आहे?" एवढेच तो विचारतो. कर्करोगाने हाड पोखरले की भोवतालचे हाड दुरुस्तीस लागते, तेथे तो जमतो. जुना अस्थिभंग भरत असला किंवा गुडघ्याचा संधिवात असला तरी तेथेही तो जमतो. रोग अजून मज्जेतच असेल आणि हाडाला त्याची वार्ता नसेल, तर तो गप्प राहतो. गंमत अशी, की औषध लागू पडून हाड भरू लागले म्हणजे प्रारंभी हा उजेड वाढतो, आणि बरे होणे हेच बिघडण्यासारखे दिसते. परंतु हा ट्रेसर स्वस्त, सहज मिळणारा आणि लहान शहरांतही करता येण्याजोगा आहे, हा त्याचा गुण आपल्याकडे लहान नव्हे.

दोन चित्रे शेजारी ठेवली तर

एफडीजी आणि एफईएस यांत श्रेष्ठ कोण, हा वाद मला थोडा अस्थानी वाटतो. दोन साक्षीदारांना दोन निरनिराळे प्रश्न विचारले असतील, तर त्यांची उत्तरे जुळली नाहीत म्हणून एकाला खोटे ठरविता येत नाही. उलट न जुळण्यातूनच माहिती मिळते.

एखाद्या जागी दोन्ही ट्रेसर चमकले, तर तेथे कुलपे असलेला आणि जोमाने वाढणारा रोग आहे. एफईएस चमकला आणि एफडीजी मंद राहिला, तर रोग बहुधा सावकाश चालणारा आहे, आणि संप्रेरकविरोधी औषधांना दाद देण्याची आशा अधिक आहे. एफडीजी चमकला आणि एफईएस मंद राहिला, तर तीन शक्यता उरतात : रोगाने कुलपे टाकली आहेत, किंवा औषधाने ती अडली आहेत, किंवा तो कर्करोगच नसून क्षयासारखे काही आहे. या तिन्हींचे उपचार अगदी भिन्न. म्हणून येथे तुकडा काढणे सर्वांत निकडीचे. दोन्ही मंद राहिले, तर रोग नाही, किंवा तो या यंत्रांच्या नजरेपेक्षा बारीक आहे.

ही शेवटची शक्यता काखेच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. काही मिलिमीटरांहून लहान असलेला रोगाचा कण कोणत्याही पेट स्कॅनला सहसा दिसत नाही. म्हणून प्रारंभीच्या रोगात काखेची परीक्षा करावयाची तर पहारेकरी ग्रंथीची पद्धत वापरतात : स्तनात टोचलेले द्रव्य लसीकेबरोबर ज्या ग्रंथीकडे आधी जाते, तीच ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तोही एक माग काढणेच. फक्त तेथे रोगाचा नव्हे, तर रोग ज्या वाटेने जाईल त्या वाटेचा माग काढतात.

अमेरिकेतील अणुवैद्यक संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२३ साली एफईएस कोठे वापरावा याचा विचार करून प्रतवारी लावली. जेथे तुकडा काढणे कठीण आहे किंवा काढूनही निर्णय लागला नाही, पसरलेल्या रोगाचे प्रथमच निदान झाले आहे, किंवा एक संप्रेरकविरोधी औषध निष्फळ ठरल्यावर दुसरे द्यावे काय असा प्रश्न आहे, तेथे तो योग्य ठरविला. लोब्युलर कर्करोगाची पायरी प्रारंभी ठरविण्यासाठी तो "कदाचित योग्य" या गटात ठेवला. मूळ गाठ शोधण्यासाठी किंवा काखेच्या ग्रंथींसाठी नेहमी तो वापरणे मात्र क्वचितच योग्य, असे म्हटले. ज्या साधनाचा बोलबाला होत आहे त्याच्या मर्यादा त्याच्याच जाणकारांनी आखून द्याव्यात, ही गोष्ट मला आश्वासक वाटते.

आपण काय विचारावे?

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगणे अवश्य आहे. गाठ लहान आहे, काख मोकळी आहे, हाडांत दुखणे वगैरे काही तक्रार नाही, अशा बाईला सर्व शरीराचा स्कॅन करण्याची सहसा आवश्यकता नसते. तेथे दूरवर रोग सापडण्याचा संभव इतका थोडा असतो, की खऱ्या रोगापेक्षा खोटे ठिपकेच अधिक सापडतात. आणि एकेका ठिपक्याचा छडा लावीपर्यंत उपचार लांबणीवर पडतो, पैसा जातो व घरादाराची झोप उडते. "एकदा सगळे तपासून टाका" हा आग्रह प्रेमापोटी असतो, हे खरे. पण त्याने भले होतेच असे नाही.

जेथे स्कॅन करणे रास्त आहे, तेथे घरच्यांनी डॉक्टरांना नम्रपणे काही प्रश्न विचारावेत. हा ट्रेसर कोणता, आणि तो काय शोधतो? तुकड्याच्या तपासणीत कुलपे निघाली आहेत काय, आणि रोग लोब्युलर जातीचा आहे काय? चालू असलेले औषध या तपासणीच्या आड येते काय? एफडीजीसाठी ४ ते ६ तास उपाशी राहावयाचे असते आणि मधुमेह ताब्यात असावा लागतो. त्याची तजवीज कशी करावी? पूर्वी कधी क्षय झाला होता का, नुकतीच पडझड किंवा लसीचे इंजेक्शन झाले होते का, हे आपण होऊन सांगावे. या गोष्टी चित्रात कर्करोगाचे सोंग घेऊन येऊ शकतात. आणि सर्वांत शेवटी पण सर्वांत महत्त्वाचे : या चित्राने जे उत्तर मिळेल त्याने उपचारांत काही फरक पडणार आहे काय? पडणार नसेल तर तपासणी कशासाठी?

एका ठिपक्यावरून बाईला चौथ्या पायरीवर नेऊन बसवावयाचे असेल, तर शक्य असेल तेथे त्या ठिपक्याचा तुकडा आधी तपासला गेला पाहिजे, हा आग्रह मात्र अवश्य धरावा. चित्र संशय सांगते. निकाल बहुधा सूक्ष्मदर्शकच देतो.

स्कॅनच्या अहवालात "इतरत्र असाधारण संचय आढळला नाही" असे एक वाक्य असते. ते वाचून घरातील माणसे सुटकेचा श्वास टाकतात, आणि पुष्कळदा तो योग्यही असतो. परंतु त्या वाक्याचा खरा अर्थ एवढाच, की जो प्रश्न विचारला त्याला इतरत्र होकार मिळाला नाही. प्रश्न साखरेचा होता, की कुलपाचा, की हाडाच्या डागडुजीचा, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्या नकाराची किंमत कळेल. म्हणून अहवालाचा शेवट वाचण्यापूर्वी त्यावर ट्रेसरचे नाव कोणते लिहिले आहे, तेवढे आधी पाहून घ्यावे, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.